सुनेच्या हातचं

जगात खऱ्या अर्थाने स्वतंत्र माणूस एकच, जो स्वतःच्या हाताने रांधून खातो. हे वाक्य माझं स्वतःचं आहे. ते मला सुचलं तेव्हा मी आमच्याच स्वयंपाकघराच्या माळ्यावर, गोवऱ्यांच्या पोत्याला टेकून, गुडघे हनुवटीला लावून बसलो होतो आणि एक शिंक दाबून धरली होती.

खाली माझी गोदूआत्या एकेका भांड्यावरचं झाकण उचलत होती.

साल त्र्याऐंशी. परभणीला पाटबंधारे खात्यात मी नकाशे काढायचो आणि खात्याच्याच दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायचो. त्या क्वार्टरचा नकाशा मी काढलेला नव्हता, हे आधीच सांगतो. कारण त्यात स्वयंपाकघराला दार एकच होतं आणि खिडकीला गज होते.

दिवस महालक्ष्म्यांच्या जेवणाचा. पुण्याकडे गौरी म्हणतात, आमच्या मराठवाड्यात महालक्ष्म्या. आमच्या घराण्यात त्यांचे दोन पितळी मुखवटे आहेत आणि दोन नियम आहेत. पहिला, नैवेद्य घरच्या सुनेच्याच हातचा लागतो. आचारी चालत नाही, लेक चालत नाही, शेजारीण चालत नाही. दुसरा, देवी जेवेपर्यंत कुणी चाखायचं नाही. हुंगायचंसुद्धा नाही.

तीस वर्षं तो नैवेद्य आईने केला. तिच्या पुरणाचं नाव पार गंगाखेडपर्यंत होतं. मग आप्पा, म्हणजे माझे वडील, गेले, आणि आईने जाहीर केलं की तिचे गुडघे दुखतात. मुखवटे सुनेकडे जायला हवेत. कुठल्या, ते ती पाहून ठरवणार होती. गेल्या वर्षी महालक्ष्म्या दादाकडे औरंगाबादला बसल्या. शकूवहिनींनी सगळं रीतसर केलं. या वर्षी आमची पाळी होती.

खरं तर आमची पाळी यायची नव्हतीच. माझी बायको हेमलता मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. औरंगाबादला जेवणं झाल्यावर शकूवहिनी पंधरा माणसांत म्हणाल्या, "हेमलताला कुठलं जमायला? तिला आपलं गणितच येतं."

"जमेल," हेमलता म्हणाली. एवढंच.

परतीच्या एसटीत सेलूपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग वळून म्हणाली, "अहो, जमेल ना?"

कारण आमच्या घरात रांधायचो मी. हे आमच्या दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आई आली की मी पेपर घेऊन खुर्चीत बसायचो, आणि हेमलता आदल्या दिवशी मी करून ठेवलेली भाजी गरम करत बांगड्या वाजवायची.

हेमलताला मी मदत करत होतो, असं वाटेल. तसं मुळीच नाही. मला त्याचा नादच होता. आणि नाद साधा नाही, मुळापासून करायचा. पाव खावासा वाटला तर बेकरीत जायचं नाही. पीठ आंबवण्यापासून सुरुवात करायची. माझा पहिला पाव चौदा दिवसांनी झाला आणि पुढची दोन वर्षं वाऱ्याने दार आपटू नये म्हणून आम्ही तो वापरला. जांभळांचा शिरका केला, त्याचं बूच आमचे कार्यकारी अभियंता चहाला आलेले असताना उडालं. दुसरा पाव मात्र जाळीदार झाला. तो फोडताना वाफ तोंडावर आली त्या क्षणी मला बढती मिळाल्यावर झाला नव्हता एवढा आनंद झाला. खाण्यात तो आनंद नाही. आपण काय केलंय हे कळायच्या आधी, तळहातावर थेंबभर घेऊन जीभ लावतो ना, तेवढ्यात तो असतो.

आणि आता पदार्थ घराण्याने ठरवलेले, आणि जीभ लावायला बंदी.

आदल्या संध्याकाळी मी आईला सांगितलं, "उद्या पहाटेच्या गाडीने सेलूला जावं लागतंय. कालव्याची तपासणी आहे."

आई वाती वळत होती. तिने मान वर केली नाही. "नेमकं महालक्ष्म्यांच्याच दिवशी?"

"सरकारी काम आहे आई."

"असेल की. तुझ्या आप्पांचंही असंच. तीस वर्षं त्यांचा दौरा याच दिवशी निघायचा. संध्याकाळी दमून यायचे बिचारे."

"भावाचं नशीबच तसलं," गोदूआत्या म्हणाली. ती आप्पांची धाकटी बहीण. गंगाखेडहून सोवळं-ओवळं बघायला खास आली होती. तिने एकदा एखाद्या सुनेबद्दल मत दिलं की ते आमच्या बावीस घरांत पोस्टाआधी पोचायचं.

बेत सोपा होता. पहाटे चारला अंघोळ करून, सोवळ्याचा मुकटा नेसून मी स्वयंपाकघरात शिरायचं, अवघड कामं सातपर्यंत उरकायची, आणि बायका अंघोळीला गेल्या की सटकायचं. मी शिरलो. साडेचारला दाराबाहेर पाट सरकवल्याचा आवाज झाला.

"हेमा," आईचा आवाज आला, "मी इथं उंबऱ्याशीच बसते आहे. आतून कडी लावून घे. नैवेद्य होईपर्यंत आत कुणी यायला नको."

"बरं, आई," हेमलता म्हणाली आणि माझ्याकडे बघून कडी लावली.

दोन शेगड्या, एक पंपाचा स्टोव्ह, एक बायको आणि मी. गजाच्या खिडकीतून वाराही आत येईना. मुकटा अंगाला चिकटला. मी डाळ शिजायला टाकली. हेमलताने कमरेला खोचलेला आलेखाचा कागद काढून भिंतीला लावला. अठ्ठावीस पदार्थ, प्रत्येकापुढे मीठ किती चमचे, आणि पुढे खुणेला चौकोन.

"चाखायचं नाही ना? मग मोजून घालायचं," ती माझ्या कानात म्हणाली. "घातलं की फुली. म्हणजे दोनदाही पडणार नाही आणि राहणारही नाही."

"स्वयंपाक म्हणजे गणित नाही."

"म्हणूनच तुमचा पाव दाराला लावला होता."

स्टोव्ह धडधडत असे तोवर आम्ही बोलायचो. तो मंद केला की मुके. सातपर्यंत पुरण वाटून झालं. बायका अंघोळीला जायची वाट बघत मी दाराला कान लावला.

"आई, तुमची अंघोळ?" हेमलताने आतूनच विचारलं.

"तीनलाच झाली. तू तुझं चालू दे, मी हलत नाही इथून."

मी गज हलवून बघितले. सरकारी काम होतं, पण नेमके गजच पक्के बसवले होते.

आठच्या सुमाराला मी आमटीला फोडणी दिली. मिरची जळाली. धूर घशात गेला आणि मी खोकलो. चांगला पुरुषी, खर्जातला खोकला. हेमलताने लगेच खोकायला सुरुवात केली, पण तिचा आवाज पडला बारीक. एवढ्यात बाहेर आईला असा ठसका लागला की काही विचारू नका. ती खोकतच राहिली.

"एवढी कसली गं फोडणी?" आत्या ओरडली. "मला तर काही लागेना."

"मी दाराशी आहे वन्सं," आई खोकता खोकता म्हणाली. "तुम्ही लांब आहात."

आईला धूर लागला होता म्हणून मला फार वाईट वाटलं.

मग वेलची आली. हेमलता सालं सोलायला लागली, तेव्हा मी स्टोव्हच्या धडधडीत तिला म्हणालो, "सालीसकट कूट, साल टाकू नकोस!" या वाक्याच्या मध्यावर स्टोव्हची पिन अडकली आणि तो बंद पडला. "साल टाकू नकोस" हे तीन शब्द क्वार्टरभर घुमले.

बाहेर आत्याची पावलं दाराजवळ आली.

"वैनी," आत्या म्हणाली, "आत बाप्याचा आवाज आला."

"शेजारचा रेडिओ असेल."

"रेडिओवर आता बाप्ये स्वैपाक सांगू लागले?"

"सांगत असतील. दिवस बदलले."

"मी बघून येते. सोवळ्यातच आहे मी."

मी हेमलताकडे बघितलं. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. वर्गात चाळीस पोरींना नुसत्या नजरेने गप्प करणारी ही बाई. "आत्यांनी पाहिलं तर शकूवहिनींचं खरं होईल," ती पुटपुटली. "जन्मभर." मला तोवर हे सगळं थोडं गमतीचं वाटत होतं. त्या घटकेपासून वाटेनासं झालं.

"थांबा वन्सं," आई बाहेर म्हणाली. "तुम्हाला आत्ता मांजर शिवलं."

"कधी?"

"शेपटी लागली पदराला. मी पाहिली ना."

आत्या पुटपुटत पुन्हा अंघोळीला गेली. मी माळ्याची शिडी भिंतीला लावून ठेवली.

पुढचे चार तास मी जन्मठेपेतल्या माणसासारखं काम केलं. सोळा भाज्या चिरल्या, कढी केली, पंचामृत केलं. सगळं तक्त्याप्रमाणे. हेमलता मीठ घालायची, कोळशाने फुली मारायची. माझ्या मनात सारखं यायचं, कढीत थोडं आलं जास्त टाकावं का? भोपळ्याला बडीशेप दिली तर? हेमलता माझे डोळे ओळखायची. "तक्त्यात नाही," ती म्हणायची. दार बंद, खिडकीला गज, आणि आता कढीलासुद्धा चौकट.

शेवटी आंबील राहिली. ज्वारीचं आंबवलेलं पीठ ताकात शिजवायचं आणि सारखं ढवळायचं. नेमकं तेव्हा बाहेर आत्या पुन्हा आत यायला निघाली, आईने तिला पायपुसण्याला पाय लागल्याचं दाखवून दिलं, त्यांची जुंपली, आम्ही दोघं दाराला कान लावून उभे राहिलो आणि आंबील घट्ट झाली. इतकी की उलथनं उभं राहिलं.

"संपलं," हेमलता म्हणाली.

मी त्या गोळ्याकडे बघितलं. आणि खरं सांगतो, आठ तासांत पहिल्यांदा मला मोकळं वाटलं. हे काय होईल ते तीस वर्षांत कुणाला माहीत नव्हतं! मी अर्धा गोळा तूप लावलेल्या थाळ्यात थापला, वर तीळ दाबले. उरलेला ताकाने सारखा करून हेमलताकडे दिला. तिने तक्त्याप्रमाणे त्यात मीठ टाकलं आणि फुली मारली. थाळ्यातलं गार झाल्यावर मी वड्या कापल्या, तुपावर खरपूस परतल्या आणि काही वड्यांवर चिंच-गुळाचं पंचामृत ओतलं.

"हे काय केलंत?" हेमलता म्हणाली. "हे नाही चालायचं. हे काढा."

"बघ तरी कशी दिसतेय."

"दिसून काय उपयोग? चव कशी आहे?"

तो प्रश्न मला नको होता. माझा तळहात तोंडापर्यंत गेला. खरपूस तुपाचा वास येत होता, तोसुद्धा मी श्वास रोखून घेत नव्हतो. जन्मात पहिल्यांदा मी काहीतरी नवीन केलं होतं आणि ते काय आहे हे मलाच कळायचं नव्हतं. हात खाली घेतला.

बाहेर आत्याची तिसरी अंघोळ संपली.

"आता मांजर नाही, कुत्रं नाही, पायपुसणं नाही," ती गरजली. "वैनी, व्हा बाजूला. मुखवटे कुणाकडे चाललेत ते बघायचा हक्क आहे माझा."

आईला आता काही सुचलं नसावं. "हेमा," ती मोठ्यांदा म्हणाली, "वन्सं आत येऊ लागल्यात. हळूच कडी काढ. काही घाई नाही."

मी माळ्यावर चढलो. हेमलताने शिडी आडवी केली आणि कडी काढली. मी गोवऱ्यांच्या मागे सरकलो. गोवऱ्या सोवळ्याला चालतात, एवढं एक समाधान. आणि तिथे, शिंक दाबून धरलेली असताना, मला ते स्वतंत्र माणसाचं वाक्य सुचलं.

आत्याने झाकणं उचलली. पुरण. आमटी. कढी. सोळा भाज्या तिने खरंच मोजल्या. मग ती थबकली.

"हे काय गं हे? हे आपल्यात नसतं."

मला वरून हेमलताची फक्त मान दिसत होती. मान खाली गेली. मला वाटलं आता ती सांगून टाकणार. मीही हाताने गोवऱ्या बाजूला सारल्या. उतरायचं, जे व्हायचं ते होऊ दे.

"ते माझ्या माहेरचं आहे," आई दारातून म्हणाली.

माझा हात तिथेच राहिला. आईने ती वडी जन्मात पाहिलेली नव्हती.

"तुमच्या माहेरचं?" आत्या म्हणाली. "तुमच्या माहेरची दरवर्षी नवीनच काही निघायची पद्धत आहे बाई."

"मोठं माहेर होतं," आई म्हणाली.

नैवेद्य झाला. आरती झाली. शेजारची सवाष्ण जेवली, आत्या जेवली, आई जेवली. हेमलता वाढत होती आणि मी पहाटेपासून उपाशी, पोत्याला टेकून, बाहेरच्या खोलीतले आवाज ऐकत होतो. पुरणपोळीला आत्या "बरीय" म्हणाली. आमटीला काही म्हणाली नाही, म्हणजे ती उत्तम असावी. मग बराच वेळ नुसता भांड्यांचा आवाज.

"ती माहेरची वडी आण गं," आत्याचा आवाज आला. "पंचामृत पण घाल वर. अजून घाल."

ती तिने तिसऱ्यांदा मागितली तेव्हा मी माळ्यावर, अंधारात, गोवऱ्यांना उद्देशून मान लववली.

दुपारी चारच्या सुमाराला बाहेर घोरणं सुरू झालं. तीन अंघोळी आणि एवढं पुरण. माणूस जागं राहील कसं? दार उघडलं. हेमलता असेल म्हणून मी वाकलो. आई होती. तिच्या हातात वाढलेलं ताट होतं. ते तिने ओट्यावर ठेवलं, शिडी उचलून नीट माळ्याला लावली आणि वर न बघता म्हणाली, "उतर आता. वन्सं झोपल्या."

मी उतरलो. अंगभर गोवरीचा भुगा. हेमलता दाराशी येऊन उभी राहिली, हातात रिकामं पातेलं.

"आई," मी म्हणालो, "सेलूची गाडी जरा..."

"बस आणि जेव. सेलूचं मला सांगू नको. तीस वर्षं ऐकलं मी सेलूचं."

मी पहिला घास घेतला, आणि तो तोंडात असतानाच माझ्या डोक्यात उजेड पडला. घास तसाच राहिला.

"आप्पा?"

"मग काय मी?" आई पाटावर टेकत म्हणाली. "लग्नाच्या पहिल्या वर्षी माझं पुरण बघून रडले होते ते. म्हणाले, तू दार लाव, मी बघतो. मग तेच चालू राहिलं. दरवर्षी एक नवीन पदार्थ करायचे. ऐकायचेच नाहीत. मी आपली सांगायचे, माहेरचं आहे."

"आणि बसायचे कुठे? जुन्या घराला माळा नव्हता."

"कणगीत. भाद्रपदात धान्य संपलेलंच असतं. रिकामी असायची."

कणगीत बसलेले आप्पा माझ्या डोळ्यांपुढे येईनात. कोर्टात पेशकार होते. डोक्याला काळी टोपी असायची.

"म्हणजे ते मांजर..."

"कुठलं मांजर?" आई म्हणाली.

"आणि तुमचे गुडघे?" हेमलताने विचारलं. ती पहिल्यांदाच बोलली.

"गुडघ्यांना काय धाड भरली? पहाटेपासून मांडी घालून बसले ना उंबऱ्यावर." मग तिचा आवाज जरा खाली गेला. "ते गेले. मग करणार कोण? शकूने केलं गेल्या वर्षी, चांगलं केलं. पण ती एकटीच मरमर मरत होती आणि दादा बाहेर 'चहा मिळेल का' म्हणून विचारत होता. मी सून बघायला आलेच नव्हते बाई. मी आपली माझी पोरं बघत होते."

हेमलताने हातातलं पातेलं हळूच खाली ठेवलं. "पण आई, नियम सुनेच्या हातचा आहे."

"वाढलं कुणी?"

"मी."

"मीठ कुणी घातलं?"

"मीच. मोजून."

"मग झालं की. देवीने कधी तक्रार केली नाही. मुखवटे इथंच राहू देत." आणि ती भिंतीवरच्या कोळशाच्या फुल्यांकडे बघून म्हणाली, "हे मात्र बरं आहे. आमचं दरवर्षी भांडण व्हायचं, तुम्ही घातलं की मी घातलं."

हेमलता दाराकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. हसत होती की काय, ते मी विचारलं नाही.

ताटात दोन वड्या होत्या. पंचामृत आत्याने संपवलेलं, त्यामुळे कोरड्याच. आईने एक उचलली, उलटून खालचा खरपूस भाग बघितला, मग तिळांची बाजू बघितली.

"ही नवीनच की रे."

"हो. आंबील घट्ट झाली, तेव्हा सुचली."

"मला तिकडे फक्त पंचामृतच लागलं. त्यातून दात कमी, तशीच गिळली." तिने तुकडा मोडून तोंडात घातला. ती हळूहळू चावत होती. मी घास हातात धरून तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. दाराच्या फटीतून दोन्ही मुखवटे दिसत होते, तेही बघत होते. आप्पा असते तर त्यांनीही असंच बघितलं असतं, कणगीतून. आईचे डोळे भरून आले. तिने पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"शिरपा," ती म्हणाली.

"काय आई?"

"जरा मीठ दे."